परळीचे संच, मिनिआपोलिसचा अंधार आणि हृदयाची बॅटरी

१/ फेब्रुवारी २०१३. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र दुष्काळात पाण्याअभावी पूर्णपणे बंद पडले. तारेतून येणारी वीज अशी परावलंबी असते: कोळसा हवा, पाणी हवे, तारही अखंड हवी. तिच्या भरवशावर एखाद्याचे हृदय चालवावे लागले तर? वैद्यकशास्त्रावर ती वेळ आली होती. #थ्रेड #इतिहास

२/ हृदयाला स्वतःची वीज असते. वरच्या उजव्या कप्प्यातील पेशींचा पुंजका मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युतस्पंद निर्माण करतो. तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचला नाही, तर ठोके मंदावतात. अशा वेळी बाहेरून दिलेला स्पंद पुरेसा प्रबळ असेल, तर स्नायू त्यालाही प्रतिसाद देतो.

३/ १९५२ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीच्या त्वचेवरून असे स्पंद दिले. मात्र वाटेत त्वचा आणि छातीचे स्नायू असल्याने व्होल्टेज मोठे लागे. रुग्णाला वेदना होत, त्वचा भाजे.

४/ मिनिआपोलिसचे शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी १९५७ मध्ये तार थेट हृदयाच्या स्नायूत बसवली. आता काही व्होल्ट पुरू लागले. यंत्र मात्र अजूनही भिंतीतील सॉकेटलाच जोडलेले होते. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज काही तास गेली आणि यंत्रांवर विसंबलेल्या बालकांचे प्राण टांगणीला लागले.

५/ लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन यांना उपाय विचारला. बाकन यांनी एका मासिकात आलेल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे संगीतात ताल मोजणाऱ्या यंत्राच्या, सर्किटचा आधार घेतला. काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर आणि बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा पेसमेकर तयार झाला.

६/ एवढीशी बॅटरी कशी पुरते? उत्तर ओहमच्या नियमात आहे. उदाहरणार्थ २.५ व्होल्ट आणि ५०० ओहम रोध घेतल्यास प्रवाह ५ मिलिअँपिअर. तोही केवळ ०.४ मिलिसेकंद. एका ठोक्याची ऊर्जा होते ५ मायक्रोज्यूल. व्होल्टेज दुप्पट केले, तर ऊर्जा चौपट खर्च होते; म्हणून डॉक्टर ते गरजेपुरतेच ठेवतात.

७/ ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवण्यात आला. तो काही तासच चालला; पण एकामागून एक नवे पेसमेकर घेत लार्सन २००१ पर्यंत जगले. पुढच्या काळातील पाऱ्याच्या बॅटऱ्या साधारण दोन वर्षांत संपत. विल्सन ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेली लिथियम-आयोडीन बॅटरी १९७२ पासून वापरात आली आणि पेसमेकरचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढले.

८/ तारेपासून सुटका झाली, किमतीपासून नाही. मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना शिकागो परिसरातील मृतांचे पेसमेकर बसवण्यात आले. ते नातेवाइकांच्या संमतीने काढून, निर्जंतुक करून पाठवलेले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एकाही रुग्णाला त्यातून जंतुसंसर्ग झाला नाही. निवडीचा मुख्य निकष एकच: बॅटरीत पुरेसा जीव शिल्लक आहे का?