घाम गाळला, तरी पोट सुटलं!

सांगलीहून बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आलो, तेव्हा लोखंड उचलायचो. आता सीएनसी मशीनपुढे उभा असतो. दमतो तेवढाच, पण पोट सुटलंय. मग कामातले श्रम हा व्यायाम धरायचा का?

१९५६ साली जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगमेहनत करणारे भरपूर जेवायचे, तरी वजन आटोक्यात. बैठं काम करणारेही भरपूर जेवायचे. वजन मात्र त्यांचंच जास्त.

म्हणजे श्रम धरायचे, पण अंग हललं तरच. नुसतं दमणं म्हणजे व्यायाम नव्हे. माझं काम हलकं झालं, ताट तेवढंच राहिलं. आता शिफ्ट सुटली की चालतो, आणि भात एक वाढी कमी घेतो.