काळ्या तारेची वाटणी

घर जुनं असलं की त्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, वाटणीचा इतिहास. आणि दुसरी, कुठून कुठं जाते हे कुणालाच ठाऊक नसलेली एक वायर. या दोन्हींचं सख्खं नातं असतं, हे मला भूगावात राहायला आल्यावर कळलं.

आमची एका ओळीत तीन घरं. भिंतीला भिंत आणि छपराला छप्पर. मुळात हे एकच घर. दुष्काळाच्या साली, म्हणजे १९७२ मध्ये, तीन भावांनी ते वाटून घेतलं. तेव्हापासून आपसांतलं बोलणं बेताचंच. मधल्या घरात मी भाडेकरू. भाडेकरूला वाटणीतलं काही मिळत नाही. तिच्यातले दोष मात्र न मागता मिळतात.

मालकांनी हौसेनं मीटरशेजारी एक आरसीसीबी बसवला. हे यंत्र म्हणजे खडूस हेडक्लार्क. लाल तारेतून घरात जेवढा करंट गेला, तेवढाच काळ्या तारेतून परत आला की नाही, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला असं समजून सगळं घर बंद!

हा हेडक्लार्क रोज संध्याकाळी सातला आम्हांला अंधारात बसवू लागला. फ्रीज बंद केला, सगळे प्लग काढले, एकही दिवा न लावता शहाण्यासारखे बसलो. तरी सात वाजले की खट्! एका स्नेह्यांनी वास्तुदोष काढला, दुसऱ्यांनी अमावास्या होऊन जाऊ द्या म्हणून सांगितलं. पलीकडच्या आजींची तक्रार वेगळीच होती. "मेले आजकालचे बल्ब! लावला की भप्पकन जातो."

शेवटी वायरमन आला. वय पंचविशीचं, पण डोकं इतिहाससंशोधकाचं. त्यानं आधी भिंती वाचल्या. सर्वांत खालचा थर लाकडी पट्टीवरच्या, कापडी वेष्टनाच्या रबरी वायरचा, त्यावर पीव्हीसी, त्यावर मालकांची पाइपातली नवी राजवट. मग मेन स्विच बंद करून त्यानं काळ्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला!

"काका, किती वाजले?"

"सात."

"मग पलीकडं कुणीतरी बटण दाबलंय."

आजींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "देवघरातला दिवा ना? तो मामंजींनी बसवलेला. वाटणीत आमचं मीटर वेगळं झालं, तेव्हा त्याची तार फिरवली की."

फिरवली होती, पण फक्त लाल. काळी आमच्याच घरात राहिली होती. आजींचा २५ वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण १०९ मिलिअँपिअर घेणार. तो करंट त्यांच्या मीटरमधून जायचा आणि आमच्या काळ्या तारेतून परत यायचा. गेलं शून्य, आलं १०९! क्लार्कला तूट चालत नाही तसा वाढावाही चालत नाही. तो आमचं घर बंद करायचा, आणि परतीची वाट बंद झाल्यानं आजींचा दिवाही जायचा.

मला हसू आलं. वायरमनला आलं नाही. "काका, हे यंत्र नसताना कुणी मेन बंद करून ही काळी तार बिनधास्त हातात धरली असती, तर आजींच्या बल्बातून आलेला करंट त्याच्या अंगातून गेला असता. मेन बंद आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूसच जातो. वीज येते कुठून हे सगळे विचारतात. जाते कुठून, हे कुणी विचारत नाही."

हा प्रश्न खरं म्हणजे आमच्या तालुक्याला नवा नाही. भूगावावरून जाणारा रस्ताच पुढं पौडवरून मुळशीच्या धरणाला जातो. मुळेचं पाणी पुण्याकडं यायचं. ते अडवून घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि वीज मुंबईला न्यायची, असा टाटांचा बेत होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. तरीही धरण झालं, १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर चालू झालं आणि बुडालेली शेतं पाण्याखालीच राहिली. पुढं १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं आणि खेडोपाडी खांब उभे राहू लागले. म्हणजे विजेसाठी जमिनी आधी गेल्या, घरात दिवा मागाहून आला. घरातली तार निदान परत तरी येते!

दोष काढायचा तर दोन घरांमधल्या भिंतीत भोक पाडणं भाग होतं. त्यासाठी आमचे मालक, म्हणजे आजींचे पुतणे, कित्येक वर्षांनी त्यांच्या उंबऱ्याच्या आत आले. काळी तार तोडली गेली, आजींच्या मीटरपासून नवी ओढली गेली. आजींनी चहा ठेवला. मालकांनी बशीत ओतून तो संपवला, आणि घसा खाकरून पहिलं वाक्य बोलले :

"काकू, इतकी वर्षं ह्या दिव्याचं बिल कोण भरत होतं?"

"आजीच," वायरमन म्हणाला. "चकतीची मीटरं होती तोवर तरी. त्यांच्यावर बिल लाल तारेचं चढायचं."

आजींनी सगळ्यांकडं एकदा विजयानं पाहिलं आणि पुतण्याच्या बशीत आणखी चहा ओतला.