बंडखोर सैन्य आणि नवी भरती : मूळपेशी प्रत्यारोपणाचा इतिहास

१/ शरीराचे रक्षण करणारे सैन्यच शरीरावर उलटले तर? ते बरखास्त करून नवी भरती करायची! गंभीर ऑटोइम्यून आजारांवरील मूळपेशी प्रत्यारोपणामागे हाच धाडसी विचार आहे. त्याची वाट बकऱ्या, अणुबॉम्ब आणि उंदीर अशा वळणांनी गेली. #थ्रेड

२/ २०वे शतक उजाडताना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी बकऱ्यांना इतर बकऱ्यांचे रक्त टोचले. परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या पेशींविरुद्ध नाहीत. शरीर आत्मघात टाळते, या तत्त्वाला त्यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ म्हटले. त्या नावाचा दबदबा एवढा, की ऑटोइम्यून आजाराची कल्पना रुजायला अनेक दशके गेली.

३/ १९४५ नंतर किरणोत्सर्गाच्या अभ्यासाला वेग आला. रक्तपेशी आणि रोगप्रतिकारक पेशी घडवणारी अस्थिमज्जा त्याला लवकर बळी पडते. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ व सहकाऱ्यांनी दाखवले, की मारक मात्रेतील किरणांनंतरही मज्जा टोचल्यास प्राणी वाचू शकतात.

४/ माणसांत ही वाट खडतर ठरली. १९५७ मध्ये डोनाल थॉमस यांनी ६ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १०० दिवसांपलीकडे एकही जगला नव्हता. थॉमस मागे हटले नाहीत. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

५/ दरम्यान एक अनपेक्षित दुवा सापडला. संधिवातावर दिल्या जाणाऱ्या सुवर्णक्षारांनी काही रुग्णांची मज्जाच निकामी केली. जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याची मज्जा दिली, आणि संधिवातही ओसरलेला दिसला!

६/ मग निरोगी दाता अनिवार्यच का? १९८९ मध्ये नेदरलँड्सचे डर्क व्हॅन बेक्कम व सहकाऱ्यांनी संधिवात झालेल्या उंदरांना त्यांचीच मज्जा परत दिली. तरीही आजार हटला. हा शोध निर्णायक ठरला, कारण दुसऱ्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करण्याचा मोठा धोका त्यामुळे टळणार होता.

७/ पद्धत अशी : रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी वेचून गोठवायच्या, तीव्र औषधांनी बिघडलेली प्रतिकारयंत्रणा पुसून टाकायची आणि पेशी परत द्यायच्या. मुख्य प्रहार औषधांचा असतो. मूळपेशी त्यानंतरची उभारणी करतात.

८/ १९९० च्या दशकात हा उपचार माणसांपर्यंत पोहोचला. ग्रीसमध्ये अथानासिओस फासास यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १५ रुग्णांवरील अनुभव १९९७ मध्ये मांडला. खरी कसोटी युरोपातील ‘अॅस्टिस’ चाचणीत लागली. तीत सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे, म्हणजे त्वचा व अवयव कठीण करणाऱ्या आजाराचे, १५६ रुग्ण होते.

९/ २०१४ चा तिचा निकाल अस्वस्थ करणारा होता. प्रत्यारोपण गटातील ७९ पैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले. केवळ औषधे घेणाऱ्या गटात असा एकही मृत्यू नव्हता. पुढील वर्षांत मात्र पारडे फिरले आणि प्रत्यारोपण झालेले अधिक काळ जगले.

१०/ म्हणून हा उपचार आजही निवडक रुग्णांपुरताच राहिला आहे. हृदय-फुप्फुसे फार खालावली, तर तो सोसत नाही. आजार सौम्य असेल, तर एवढी जोखीम समर्थनीय ठरत नाही. या दोहोंमधला नेमका क्षण ओळखणे, हीच डॉक्टरांची खरी परीक्षा आहे.