ताडी, पंच आणि टॉडी : एका उष्ण पेयाची वंशावळ



ऐन वसंतात, उकाड्याच्या तोंडावर, थंडीच्या संध्याकाळी प्यावयाच्या एका पेयाचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो आहोत. त्यातून पेय मद्याचे आणि सभा मंगळवार पेठेतली! ज्या पेठेत तालमीतल्या पहिलवानाची थंडाई हेच मानाचे पेय, तेथे व्हिस्कीची गोष्ट काढणे हे धाडसच होय. परंतु इतिहासाला विषयाचे सोवळे पाळून चालत नाही. माणसे काय खातात आणि काय पितात, त्या वस्तूंना नावे कोठून मिळतात, आणि त्या व्यवहारात कोणाचे पोट भरते व कोणाचे मारले जाते, हाही इतिहासच आहे.

हल्ली थंडीच्या दिवसांत मोठ्या हॉटेलांतून आणि हौशी घरांतून ‘हॉट टॉडी’ नावाचे पेय दिले जाते. त्याची कृती सोपी आहे. पाण्यात दालचिनीचा तुकडा, तीन-चार लवंगा आणि असल्यास एखादे चक्रीफूल घालून ते चांगले उकळावयाचे. खाली उतरवून त्यात मध किंवा साखर विरघळवावयाची, लिंबू पिळावयाचे, आणि सर्वांत शेवटी तिप्पट-चौपट पाण्याला एक भाग या बेताने व्हिस्की घालावयाची. व्हिस्की शेवटी घालण्याचे कारण असे की, मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर उकळतो. चुलीवरच ती ओतली तर बराचसा अंश वाफेबरोबर निघून जातो. हे पेय ज्यांच्यापुढे येते ते त्याला अस्सल विलायती समजतात. आमचे म्हणणे असे आहे की, याचे नाव आपल्या किनाऱ्यावरच्या झाडावरून उतरलेले आहे, याचा मसाला पूर्वेकडचा आहे, आणि ज्याच्या हातून हे नाव जगभर गेले त्या माणसाची मात्र कोणी आठवण ठेवलेली नाही.

प्रथम नाव पाहू. संस्कृतातील ‘ताल’ म्हणजे आपला ताड, आणि ताडाचा रस ती ताडी. आपल्या भाषेत या बाबतीत चांगला विवेक आहे. ताडाची ती ताडी, नारळाच्या माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी, आणि मुळीच न आंबलेला ताजा गोड रस तो नीरा. कोकणातला भंडारी सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, न उमललेली पोय बांधतो, तिचे टोक कापतो आणि खाली मडके अडकवितो. थेंब थेंब रस त्यात साठतो व काही तासांतच आंबू लागतो. हे काम जिवावरचे आहे. पाय निसटला तर खाली जमीनच असते.

सतराव्या शतकात सुरतेस व कोकणपट्टीस जे इंग्रज उतरले त्यांनी हा रस चाखला, आणि त्याचे नाव आपल्या कानांनी जसे ऐकले तसे लिहून ठेवले. कोणी ‘तारी’ लिहिले, कोणी ‘टॅडी’, कोणी ‘टॉडी’. ‘ताडी’तला आपला ‘ड’ जीभ उलटी वळवून उच्चारला जातो. इंग्रजाला तो कधी ‘र’सारखा तर कधी ‘ड’सारखा ऐकू येतो. अखेर ‘टॉडी’ हे रूप टिकले. मात्र आपला ताडी-माडी-शिंदी हा विवेक त्यांच्या भाषेत उतरला नाही. सगळ्याच झाडांचा रस त्यांच्या लेखी टॉडी ठरला.

आता या पेयाचे थोरले भावंड पाहिले पाहिजे. ते म्हणजे ‘पंच’. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी हिंदुस्थानातून लिहिलेल्या १६३२ सालच्या एका पत्रात हा शब्द आढळतो, आणि इंग्रजी लिखाणातील तो सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आहे. १६३८ साली सुरतेस आलेला मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी तेथील इंग्रजांच्या वखारीतील असेच एक पेय वर्णन करतो. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे. पुढे जॉन फ्रायर आला. हा कंपनीचा वैद्य. शिवछत्रपतींच्या काळात तो मुंबईस होता, १६७५ साली जुन्नरापर्यंत जाऊन आला, आणि त्याचा प्रवासवृत्तांत १६९८ साली लंडनला छापला गेला. आपल्या इतिहासकारांना हा फ्रायर चांगला परिचित आहे. तो सांगतो की, गोव्यातील नेरूळ गावी उत्तम मद्य गाळले जाते, इंग्रज लोक त्यापासून पंच बनवितात, आणि त्यात पाच जिनसा पडतात म्हणून त्याला हिंदुस्थानी भाषेतील पाच या अर्थाचे नाव पडले आहे.

पंचामृत ज्यांच्या देवघरात नित्य होते त्या आपणां मराठी माणसांना ही व्युत्पत्ती चटकन पटते. परंतु पटते म्हणून खरी मानावी असे नव्हे. मांडेल्स्लोच्या यादीत जिनसा चारच आहेत. शिवाय त्या काळच्या इंग्रजीत या शब्दातील स्वराचा उच्चार ‘पंच’शी जुळत नव्हता, असा आक्षेप कोशकारांनी घेतला आहे, आणि मद्याच्या पिंपाला असलेल्या एका इंग्रजी शब्दावरून खलाशांनी हे नाव पाडले असावे, असेही मत आहे. तेव्हा ‘पंच’ या नावावर आपला दावा संभाव्य आहे, सिद्ध नाही, एवढेच म्हणणे न्यायाचे होईल. पेय मात्र हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या हाती आकारास आले, याविषयी वाद करण्यास फारशी जागा नाही.

आता प्रश्न असा की, ताडीच्या झाडाचे नाव व्हिस्कीच्या ऊन पेल्याला कसे चिकटले? अठराव्या शतकात कंपनीच्या चाकरीत स्कॉटलंडचे लोक फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मायदेशी थंडी कडक आणि व्हिस्की जहाल. ऊन पाणी व साखर घातली की ती घशाखाली उतरे. या मिश्रणाला तेथे ‘टॉडी’ म्हणू लागले. रॉबर्ट बर्न्स या कवीच्या ‘द होली फेअर’ या १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत जत्रेतली तरुण मंडळी टेबलाभोवती बसून टॉडी ढवळीत आहेत. म्हणजे त्या सुमारास हा शब्द स्कॉटलंडातील खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी होता.

या नावाचे दुसरे दोन हक्कदार पुढे करण्यात येतात. पहिला हक्कदार डब्लिनचा डॉक्टर रॉबर्ट बेंटली टॉड. तो रोग्यांना ऊन पाणी, ब्रँडी, साखर व दालचिनी देत असे, म्हणून त्याच्या नावावरून टॉडी, अशी कथा आहे. हा डॉक्टर जन्मला १८०९ साली आणि वारला १८६० साली. ज्याच्या जन्मापूर्वी तेवीस वर्षे हा शब्द कवितेत छापला गेला, त्याच्या नावावरून तो पडला हे म्हणणे सनावळीपुढे एक क्षणही टिकत नाही. दुसरा हक्कदार एडिंबरोतील एक झरा. ‘टॉड’चा झरा म्हणून तो प्रसिद्ध होता व शहराला त्याचे पाणी मिळे, अ‍ॅलन रॅमसे या कवीने १७२१ साली त्याचा उल्लेख केला आहे. परंतु तेथे गोष्ट पाण्याची आहे, मद्याची नाही. आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी इंग्रज प्रवासी आपल्याकडील रसाला याच नावाने ओळखत होते. यूल व बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी-इंग्रजी शब्दांच्या सुप्रसिद्ध कोशात ताडीचा पक्ष घेतला आहे, आणि आज बहुतेक कोश त्याच मताचे आहेत. तेव्हा ‘पंच’बद्दल हात आखडता घेणारे आम्ही ‘टॉडी’बद्दल मात्र निःशंक आहोत.

नाव असे साहेबाच्या दिवाणखान्यात मानाने नांदत असता, ज्या झाडावरून ते उतरले त्या झाडाखाली काय चालले होते? १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा झाला. ताडी काढावयाची तर परवाना, आणि झाडागणिक कर. सरकारचे धोरण उघड होते. मद्य मोठ्या सरकारी भट्ट्यांतून मक्तेदारांमार्फत विकले जावे, त्यावर महसूल मिळावा, आणि भंडाऱ्याने आपल्या वाडीत गाळलेली स्वस्त दारू त्याच्या आड येऊ नये. ठाणे-कुलाब्याकडच्या भंडारी समाजाने याविरुद्ध तक्रारी केल्या. कित्येकांनी बापजाद्यांचा धंदा सोडून मुंबईची वाट धरली. माड तोच, रस तोच. परंतु कालपर्यंत जो कारागीर होता तो परवान्याशिवाय चढला तर गुन्हेगार ठरू लागला.

याची दुसरी बाजू लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. मद्याने येथील गरिबांचे संसार उद्ध्वस्त केले, हेही तितकेच खरे आहे. १८८० साली जोतीराव फुले यांनी पुण्याच्या नगरपालिकेकडे वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले आणि घरोघरच्या स्त्रियांना त्यात आपली व्यथा दिसली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. एप्रिल १९५० पासून बंदी संपूर्ण झाली. भंडाऱ्याला नीरा व ताडगुळाचा मार्ग दाखविण्यात आला, पण ताज्या रसाला आंबण्यापूर्वी गिऱ्हाईक गाठणे किती कठीण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्याच काळात प्रकृतीच्या कारणास्तव मद्याचा परवाना मिळू शकत असे. डॉक्टर टॉड यांच्या पेल्याचाच हा वारसा म्हणावयाचा! प्रकृतीचे कारण कागदावर आणण्याची सोय शहरातल्या सुखवस्तू माणसाला होती. माडावरच्या माणसाला ती नव्हती. साठीच्या दशकात महाराष्ट्रात ही बंदी सैल झाली. कायदा मात्र दुरुस्त्यांसह आजही कायम आहे आणि मद्य प्यावयास अद्याप परवाना लागतो.

आता आपल्या कोल्हापुराचा या पेयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध उसाचा आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. पुढे गुऱ्हाळाशेजारी साखर कारखाने आले. कारखान्यातून साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून मद्यार्क. हिंदुस्थानात जी व्हिस्की म्हणून विकली जाते तिच्यापैकी पुष्कळशी मळीच्या मद्यार्कापासून बनविलेली असते. धान्यापासून न केलेल्या अशा मद्याला युरोपात व्हिस्की हे नाव लावू देत नाहीत. म्हणजे थंडीत विलायती समजून जो पेला उचलावयाचा, त्यात नाव ताडाचे, सत्त्व उसाचे, आणि लवंग-दालचिनी पूर्वेकडच्या बागांतली. विलायतेची म्हणून जी काही उरली ती बाटलीवरची चिठ्ठी.

राहता राहिला प्रश्न उबेचा. या पेयाने थंडी पळते काय? मद्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, अंगाच्या आतले ऊन रक्त वर येते, आणि चेहरा तापल्यासारखा वाटतो. परंतु ती ऊब त्वचेवाटे बाहेर निघून जात असते. शरीराच्या आतील उष्णता मद्याने वाढत नाही, उलट घटते. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर मद्य पिऊन झोपणारा माणूस दगावतो तो यामुळेच. मग सर्दी-पडशात या पेल्याने बरे वाटते ते कशाने? वेल्समधील कार्डिफ विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्दीच्या रोग्यांना फळांचे साधे गोड सरबत ऊन करून दिले. तेवढ्यानेच खोकला, शिंका, घशाची खवखव व थंडी वाजणे यांत त्यांना आराम वाटला. त्यात मद्याचा थेंबही नव्हता.

याचा अर्थ आपल्या आजीबाईंना पूर्वीच ठाऊक होता. सुंठ, लवंग, दालचिनी व गूळ घालून उकळलेला काढा, वर लिंबाची फोड, ही हॉट टॉडीच होय. फक्त तिच्यातला जो जिन्नस ऊब देत नाही तेवढाच गाळलेला आहे. आणि ज्या गावात थंडीच्या रात्री पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावण्याची रीत आहे, त्या गावाला उबेसाठी परक्याच्या दारी जाण्याचे कारण नाही.

आम्ही हे कोणाला पाजण्यासाठी सांगितले नाही, आणि कोणाचा पेला हिसकावण्यासाठीही नाही. ज्याला परवडते, झेपते आणि कायदा मुभा देतो, तो आपल्या विवेकाने वागेल. आमची विनंती एवढीच आहे की, ‘टॉडी’ हा शब्द कानांवर पडला म्हणजे तो एडिंबरोचा किंवा डब्लिनचा समजू नये. कोकणातल्या एखाद्या वाडीत, तिन्हीसांजेला, कमरेला मडके बांधून माडाला मिठी मारून वर चढणाऱ्या माणसाचा तो शब्द आहे. इंग्रजाने त्याच्याकडून नाव घेतले, सरकारने कर घेतला, सुधारकाने धंदा घेतला. आणि त्याचे ऋण मात्र कोणाच्याच वहीत मांडले गेले नाही. इतिहासाच्या वहीत तरी ते मांडले जावे, म्हणून आम्ही आपला हा तासभर वेळ घेतला.