नागपूरकरांचा समुद्र

पांढुर्णा आणि सौंसर या गावांना समुद्र नाही. कोणत्याही दिशेस निघाले तरी तो शेकडो मैल दूर. येथील नदीनाल्यांचे पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यातून अखेर पूर्वसमुद्रास मिळते. या मुलखावर ज्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्यांच्या ताब्यात त्याच पूर्वसमुद्राचा किनारा बावन्न वर्षे होता आणि त्या किनाऱ्यावर बालेश्वर नावाचे नामांकित बंदर होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

पहिल्या रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या फौजांनी तेथे जी धूळधाण केली, तिच्या स्मृतीने ‘बर्गी’ हा शब्द बंगाली घरांत मुलांना भिवविण्यासाठी उरला. या स्वाऱ्यांचा शेवट १७५१ च्या तहाने झाला. नबाब अलीवर्दीखानाने सालीना बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा भोसल्यांच्या हाती आला.

बालेश्वर हे बुढाबलंग नदीकाठचे गाव. सतराव्या शतकात इंग्रज, डच, डेन व फ्रेंच या चौघांनीही तेथे वखारी घातल्या होत्या. मालदीव बेटांतून येणाऱ्या कवड्या येथे उतरत. त्या काळी ओडिशात कवडी हेच चलन होते. भोसले आले तेव्हा या व्यापाराचा मोठा ओघ हुगळीकडे वळून गेला होता, हे खरे. परंतु कलकत्त्यास जाणारी जहाजे बालेश्वरासमोरच नांगर टाकीत आणि हुगळीच्या वाळूच्या दांड्यांतून वाट दाखविणारा नावाडी घेतल्यावाचून पुढे जात नसत. म्हणजे इंग्रजांच्या दाराचा उंबरठा भोसल्यांच्या अंगणापुढे होता. त्या उंबरठ्याचे मोल नागपुरास उमगले नाही. तेथे किनारा म्हणजे वसुलाचा आणखी एक प्रांत. घोडदळाने मिळविलेले राज्य घोडदळाच्याच नजरेने पाहिले गेले, आणि घोड्याला पाण्यात दौड करता येत नाही!

मराठ्यांना समुद्र कळत नव्हता, असे मात्र नाही. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६६६ मध्ये, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर तेथील ईस्ट इंडिया कंपनीने लोरियां हे बंदर वसविण्यास आरंभ केला. या नावाचा अर्थच ‘पूर्व दिशा’. त्याच किनाऱ्यावरील सां-मालो या तटबंदीच्या गावाने तर हिंदी महासागरावर चाचे आणि सेनानी धाडले. १७४६ साली मद्रास घेणारा ला बूर्दोने हा तेथलाच. तेथलाच रोबेर स्यूरकूफ. १७९६ मध्ये याने मूठभर माणसांनिशी बालेश्वरासमोरच्या समुद्रात इंग्रजांचे ‘ट्रायटन’ हे मोठे जहाज पकडले, आणि १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ‘केंट’. सात समुद्रांपलीकडच्या एका लहानशा गावाचा तरुण भोसल्यांच्या किनाऱ्यासमोर इंग्रजांना अडवीत होता. भोसल्यांचे स्वतःचे आरमार मात्र त्या समुद्रात नव्हते.

इंग्रजांना तो किनारा हवाच होता. मद्रास आणि कलकत्ता यांच्यामध्ये तो आडवा पडला होता. १८०३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरी, बालेश्वर आणि कटकचा बाराबाटी किल्ला असे एकामागून एक गेले. इकडे २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत बालेश्वर बंदरासह लिहून दिला. पूर्वसमुद्र गेला तो असा, सातपुड्याच्या पायथ्याशी, पांढुर्ण्यापासून फार दूर नसलेल्या मुलखात.

लोरियांजवळच्या पोर-लुईच्या किल्ल्यात आज फ्रेंच कंपनीचे संग्रहालय आहे. १९४४ साली उद्ध्वस्त झालेले सां-मालो पुन्हा जसेच्या तसे बांधून काढले गेले असून, त्याच्या तटावर स्यूरकूफचा पुतळा समुद्राकडे बोट दाखवीत उभा आहे. बालेश्वरास असे काही थाटाचे नाही. डचांच्या जुन्या समाध्या आहेत. डेन लोकांची आठवण दिनामारडिंगा या वस्तीच्या नावात राहिली आहे. जवळच चांदीपूरला ओहोटीच्या वेळी समुद्र मैलोगणती मागे सरतो. पुरीस जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ तेवढा मराठ्यांची साक्ष देतो. कोणार्कहून तो येथे आणला गेला तो त्यांच्याच अमलात. पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून खरगपूर, आणि तेथून दक्षिणेस वळले की बालेश्वर, अशी आगगाडीची वाट आहे.