एस-क्लास, सेव्हन सिरीज, ए-८ आणि एलएस : आलिशान सेडानची तुलना

जून २०२१ मध्ये मर्सिडीज-बेन्झची नवी एस-क्लास आयात होऊन भारतात दाखल झाली, तेव्हा तिची शोरूम किंमत २ कोटी १७ लाख रुपयांपासून सुरू होत होती. चार महिन्यांनंतर, ऑक्टोबरमध्ये, याच पिढीची गाडी पुण्याजवळील चाकण येथील कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि किंमत १ कोटी ५७ लाखांवर आली. इंजिन आणि साधनसामग्रीत फरक होता हे खरे. तथापि ६० लाखांच्या या तफावतीमागे आयात शुल्काचा वाटा मोठा होता. चाळीस हजार डॉलरहून अधिक मूल्याच्या पूर्ण बांधणीच्या मोटारीवर त्या वेळी १०० टक्के सीमाशुल्क आकारले जात असे, तर सुटे भाग आणून येथे जोडलेल्या गाडीवर त्याहून बरेच कमी. या श्रेणीतील मोटारींची भारतात तुलना करताना गाडी कोठे जोडली जाते, हा प्रश्न त्यामुळेच अश्वशक्तीच्या आधी विचारावा लागतो.

बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळील कारखान्याचे उद्घाटन मार्च २००७ मध्ये झाले. जानेवारी २०२३ मध्ये सादर झालेली सेव्हन सिरीजची ७४०-आय ही पेट्रोल आवृत्ती तेथेच जोडली गेली. ऑडीच्या अनेक मोटारींची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे होत आली असली तरी ए-८ मात्र आयात होऊनच आली. जपानच्या लेक्ससची एलएस-५०० एच ही संकरित इंजिनाची सेडानही २०१८ मध्ये आयात मार्गानेच भारतात आली.

चार गाड्यांचे चार स्वभाव

एस-क्लास हे नाव मर्सिडीजने १९७२ पासून अधिकृतपणे वापरले. या गाडीची ख्याती थाटापेक्षा सुरक्षा तंत्रावर अधिक उभी आहे. अचानक ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रणाली १९७८ मध्ये तिच्यात उपलब्ध झाली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चालकासाठी एअरबॅग आली. आज सामान्य कुटुंबाच्या मोटारीतही आढळणाऱ्या या गोष्टी प्रथम अशा महागड्या गाड्यांत रुजल्या, हे विसरता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सादर झालेल्या पिढीत मागील आसनावरील प्रवाशांसाठी समोरून उघडणारी एअरबॅग देण्यात आली, तसेच मागची चाके १० अंशांपर्यंत वळविण्याची सोय करण्यात आली. सव्वापाच मीटरहून लांब गाडी अरुंद गल्लीतून वळविताना या सोयीचा लाभ चालकाला लगेच जाणवतो.

बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज १९७७ ची. मालकाने स्वतः चालवावी अशी आलिशान गाडी, ही तिची दीर्घकाळची ओळख होती. २००१ मधील पिढीत गोल कळ फिरवून सर्व यंत्रणा हाताळण्याची आय-ड्राइव्ह पद्धत आली, तेव्हा तिच्यावर आणि गाडीच्या मागील भागाच्या आकारावर प्रचंड टीका झाली. पुढे मात्र अन्य कंपन्यांनीही तशाच कळा बसविल्या. २०२२ मधील पिढीने आपली जुनी ओळख बरीच बाजूला ठेवली. मागील प्रवाशांसाठी छतातून ३१.३ इंचांचा पडदा खाली येतो, दरवाजे आपोआप उघडतात व मिटतात. पडदा खाली असताना चालकाला आतील आरशातून मागचे काही दिसत नाही, ही उणीव मात्र राहतेच.

ऑडी ए-८ चा विशेष तिच्या सांगाड्यात आहे. १९९४ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा घेऊन ती आली आणि वजन घटविण्याचा नवा मार्ग तिने दाखविला. २०१७ च्या पिढीत अ‍ॅल्युमिनियमसोबत पोलाद, मॅग्नेशियम व कार्बन फायबर यांचे मिश्रण झाले. हिच्या काही आवृत्त्यांतील सस्पेन्शन बाजूने धडक बसण्याची शक्यता ओळखून त्या बाजूची गाडी ८० मिलिमीटरपर्यंत उचलते, जेणेकरून आघात दरवाजाऐवजी खालच्या मजबूत पट्टीवर यावा. याच पिढीबाबत कंपनीने केलेली एक घोषणा मात्र प्रत्यक्षात उतरली नाही. वाहतूक कोंडीत गाडी स्वतःच चालेल आणि चालकाला रस्त्यावर सतत लक्ष ठेवावे लागणार नाही, असे तिसऱ्या पातळीचे स्वयंचलन २०१७ मध्ये जाहीर झाले. २०२० मध्ये ऑडीने ती योजना सोडून दिली. जर्मनीत अशा प्रणालीला परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि ती एस-क्लाससाठी.

लेक्सस एलएस-४०० ने १९८९ मध्ये अमेरिकेत जर्मन कंपन्यांची झोप उडविली. सुमारे ३५ हजार डॉलर किंमत, इंजिनची विलक्षण शांतता आणि निर्दोष बांधणी ही तिची शस्त्रे होती. विक्री सुरू झाल्यावर काही महिन्यांतच सुमारे ८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा गाड्या ग्राहकांच्या घरून नेऊन, दुरुस्त करून, धुऊन परत पोहोचविण्यात आल्या. त्या एका प्रसंगाने कंपनीची जेवढी प्रसिद्धी केली, तेवढी जाहिरातींनीही केली नसेल.

मागील आसन

भारतात या गाड्यांचा मालक बहुधा मागे बसतो. त्यामुळे येथे लांब व्हीलबेसच्या आवृत्त्यांनाच महत्त्व येते. लांब एस-क्लासचा व्हीलबेस ३,२१६ मिलिमीटर, सेव्हन सिरीजचा ३,२१५, ए-८ एलचा ३,१२८ आणि एलएसचा ३,१२५ आहे. पहिल्या दोघींत एका मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे पाय पसरण्याच्या जागेचा वाद तेथे संपतो. बैठकीचा मऊपणा आणि खड्ड्यावरून जातानाची शांतता या दोन गोष्टींत एस-क्लासला झुकते माप द्यावे लागते. करमणुकीच्या साधनांत सेव्हन सिरीज पुढे आहे. एलएसमधील हाताने घडविलेल्या सजावटीचा दर्जा उच्च असला तरी लांबीच्या मानाने तिची मागील जागा कमी वाटते.

मागे बसणाऱ्याने पट्टा लावला नाही, तर यांपैकी कोणतीही प्रणाली पूर्ण उपयोगी पडत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागील आसनावरील दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

कर आणि इंधन

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या सेडानवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि २० टक्के उपकर असे ४८ टक्के आकारले जात. त्या दिवसापासून उपकर जाऊन ४० टक्के असा एकच दर आला. विजेवरील गाड्यांवर मात्र ५ टक्केच कर आहे. २०२३ मध्ये विजेवर चालणारी बीएमडब्ल्यू आय-७ आयात होऊनही १ कोटी ९५ लाखांना, तर चेन्नईत जोडलेली ७४०-आय १ कोटी ७० लाखांना मिळत होती. आयात आणि स्वदेशी जोडणी यांत एवढे कमी अंतर राहिले, त्याचे एक मोठे कारण हाच कर होय.

डिझेलचा विचार करणाऱ्यांनी राजधानीचा अनुभव ध्यानात घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली व परिसरात २,००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का हरित अधिभार भरण्याच्या अटीवर ती उठली, पण मधले आठ महिने एस-क्लाससारखी डिझेल गाडी तेथे विकणेच अशक्य झाले होते. दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवरील निर्बंधही त्याच परिसरात आले आणि त्यांवरून न्यायालयीन वाद पुढेही चालू राहिला. दीड कोटीची डिझेल सेडान घेऊन ती दशकभर वापरू पाहणाऱ्या दिल्ली, गुडगाव वा नोएडातील ग्राहकाला तिची पुनर्विक्री किंमत ठरविताना ही बाब वजा करूनच हिशेब मांडावा लागतो.