वर्ध्याची एक फारखत : शेठ जमनालाल बजाज

सनदा, महजर व निवाडपत्रें यांचा शोध आपल्याकडे आस्थेनें होत आला आहे. त्या मानानें पेढ्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या व घरगुती पत्रव्यवहार यांकडे संग्राहकांचें लक्ष कमी. त्यांचा उपयोग झालाच तर भाव व व्याज पाहण्यापुरता. परंतु सावकाराच्या घरांतील एखादा कागद राजकारणाच्या इतिहासावरही प्रकाश टाकूं शकतो. याचें उदाहरण म्हणून शेठ जमनालाल बजाज यांचें एक पत्र आम्ही येथें विचारास घेतों.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं जयपूर संस्थानांतील सीकरनजीक काशी का बास या गांवीं झाला. बाळपणींच ते वर्ध्याचे धनिक व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घराण्यांत नातू म्हणून दत्तक आले. १९०७ सालीं एका लग्नसमारंभास जडजवाहीर घालून जाण्यावरून आजोबा रागावले व पैशाच्या लोभाचा बोल त्यांनीं नातवास लाविला. तेव्हां सुमारें १७ वर्षांच्या त्या मुलानें पत्र लिहून घराण्याच्या सर्व मालमत्तेवरील आपला हक्क सोडला.

स्वरूपानें ही फारखतच होय. मात्र नेहमींच्या फारखतींत येणें पावल्यावर दावा सुटतो. येथें कांहीं एक न घेतां तो सोडलेला आहे. पुढें आजोबांनीं समजूत घातली आणि लौकरच ते वारल्यावर सर्व संपत्ति जमनालालजींकडेच आली. परंतु एकदां सोडलेलें धन पुन्हां हातीं आलें, तें मालक म्हणून नव्हे तर विश्वस्त म्हणून, अशी त्यांची धारणा झाली.

गांधीजींच्या सहवासानें एक व्यापारी राजकारणी झाला, असें सामान्यतः सांगतात. तें अर्धेंच खरें होय. हें पत्र लिहिलें गेलें तेव्हां गांधीजी दक्षिण आफ्रिकेंत होते. उलटपक्षीं, केवळ या पत्रानें ते राजकारणांत आले असेंही म्हणतां येत नाहीं. १९०८ सालीं ते मानद न्यायाधीश झाले व पुढें रायबहादुर ही पदवीही त्यांनीं स्वीकारली. धनाविषयींची विरक्ति आधींची, सरकारशीं विरोध नंतरचा. हे दोन प्रवाह १९२० सालच्या नागपूर काँग्रेसमध्यें एकत्र आले. तेथें ते स्वागताध्यक्ष होते, आणि तेथेंच त्यांनीं गांधीजींस आपणांस पांचवा पुत्र मानण्याची विनंती केली. १९२१ सालीं त्यांनीं पदवी परत केली आणि वकिली सोडलेल्यांच्या निर्वाहासाठीं एक लक्ष रुपये दिले. दत्तकविधानानें मिळालेलें घर सोडूं पाहणारा हा मनुष्य स्वेच्छेनें दुसऱ्यांदां दत्तक गेला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

१९२३ सालच्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचें नेतृत्व करून ते तुरुंगांत गेले. जुलै १९२८ मध्यें आपल्या घराण्याचें वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें. आमच्या मतें विश्वस्तपणाची खरी कसोटी येथें लागली. पैसा देतां येतो. वडिलार्जित देवालयाची रूढि मोडणें म्हणजे स्वजनांचा रोष पत्करणें होय.

तथापि एक मर्यादा नमूद केली पाहिजे. व्यापार त्यांनीं सोडला नाहीं; १९३१ सालीं साखरेचा कारखानाही उभा राहिला. १९३६ सालीं गांधीजी ज्या शेगांवीं राहावयास गेले, आणि जें पुढें सेवाग्राम झालें, त्या गांवची मालगुजारीही बहुतांशीं जमनालालजींचीच होती. विश्वस्तपणानें धनाचा विनियोग बदलला; स्वामित्वाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते वारले, तोंपर्यंत काँग्रेसचे खजिनदारही तेच होते. जमाखर्च हाच त्यांच्या राजकारणाचा अखेरपर्यंत आधार राहिला.

एका पत्रानें एवढा उलगडा होतो, तर कापसाच्या इतर पेठांतील कागद काय सांगतील? परभणी जिल्ह्यांत देवगांव फाट्याच्या टापूंतील सेलूस, किंवा मानवतेस, कोणा जुन्या अडत्याच्या माळ्यावर वह्यांचे गठ्ठे आढळले, तर ते रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं पाहावे. आंकड्यांच्या ओळींमध्यें अडकलेलें एखादें पत्रच कदाचित् अधिक मोलाचें निघेल.